१८६ जणांचा तक्ता

दहशतवादाचा अभ्यास म्हटला की आपण २००१ पासून मोजायला लागतो. पण १९१८ सालचा रौलट समितीचा अहवाल बघा. पहिलंच प्रकरण आपल्या मुंबई इलाख्याचं: प्लेग, २२ जून १८९७ ची रात्र, रँड, चापेकर बंधू. बंद दाराआड, मुख्यतः सरकारी दप्तरावरून लिहिलेला हा इतिहास. अखेरीस बंगालचा एक तक्ता आहे. १९०७ ते १९१७ मध्ये क्रांतिकारी गुन्ह्यांत शिक्षा झालेले किंवा मारले गेलेले १८६ जण. त्यांचं वय, जात, व्यवसाय. विद्यार्थ्यांचा आणि भद्रलोकांचा भरणा मोठा.

मंडळी, आम्हा तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांना इथं खटकतं. धूर तिथं अग्नी, एवढा अन्वय पाहून न्यायशास्त्राचं भागत नाही. अग्नी नाही तिथं धूरही नाही, हा व्यतिरेकही तपासावा लागतो. त्याच वर्गात, त्याच जातीत वाढून मुकाट कारकुनीला लागलेला मुलगा या तक्त्यात कुठं आहे? आणि ‘का’ याला तर रकानाच नाही.

२००४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी १७२ जिहादींची चरित्रं तपासली. गरिबी, वेडेपणा ही ठरीव कारणं टिकत नाहीत, मैत्री आणि नातीगोती मोठी, असं दाखवलं. मोठंच काम! पण तुलनेचा गट तिथंही नव्हता.

सेजमन यांचं निदान पुस्तक झालं. रौलट समितीच्या शिफारशींवरून मार्च १९१९ मध्ये कायदा झाला: नुसत्या संशयावरून, खटल्याविना स्थानबद्धता. तक्त्यात नसलेला तो कारकून या कायद्यात मात्र आला.