'सुजन' : वर्गात घडलेला बंदिशकार

१/ संगीत महाविद्यालयात शिकून कोणी गवई होतो का? हा प्रश्न गेली कित्येक दशके उपरोधाने विचारला जातो. ज्यांनी त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले आणि त्याची किंमतही मोजली, त्या पं. श्रीकृष्ण नारायण तथा अण्णासाहेब रातंजनकर यांच्याविषयी हा धागा.

२/ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात होते, पण घरात संगीताची ओढ होती. बालवयातच कृष्णम् भट्ट यांच्याकडे स्वरसाधना सुरू झाली. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, यांच्याकडून ग्वाल्हेर गायकीची शिस्त मिळाली.

३/ त्यानंतर भेटले पं. विष्णु नारायण भातखंडे. पेशाने वकील असलेल्या या विद्वानाने देशभर हिंडून घराण्यांतल्या बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. हा मुलगा आपल्या कार्याचा वारस ठरेल, हे त्यांनी लवकरच ओळखले.

४/ मात्र केवळ शास्त्राने गाणे येत नाही, याची जाण भातखंड्यांना पुरती होती. १९१७ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि रातंजनकरांनी दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांचा गंडा बांधला. सुमारे पाच वर्षे त्यांना आग्रा घराण्याची तालीम मिळाली : नोम्-तोम् आलाप, बोलांची बढत, लयीशी चालणारा खेळ.

५/ हे दोन गुरू जणू दोन टोकांचे. एकाकडे वही, स्वरलिपी आणि 'का?' हा प्रश्न. दुसऱ्याकडे समोर बसून, ऐकून, कंठात मुरवायची विद्या. रातंजनकरांनी एकासाठी दुसऱ्याला सोडले नाही. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ या दुहेरी शिक्षणात आहे.

६/ मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांनी घेतली, त्याच सुमारास, १९२६ मध्ये, लखनौला मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. भातखंड्यांची कल्पना आणि राय उमानाथ बली यांचे परिश्रम त्यामागे होते. १९२८ मध्ये रातंजनकर तिथे प्राचार्य झाले. वय तिशीच्या आतले! पुढची पंचवीसहून अधिक वर्षे त्यांनी या संस्थेला दिली.

७/ इथेच त्यांच्यातला रचनाकार बहरला. घराण्यात गुरू एका शिष्याला ओळखून चीज देतो. वर्गात मात्र अनेक गळे आणि ठरावीक अभ्यासक्रम असतो. तिथे रागाचे रूप पहिल्या दोन ओळींत स्पष्ट करणारी, तरीही मैफलीत गाता येईल अशी बंदिश हवी असते. रातंजनकरांनी अशा शेकडो बंदिशी बांधल्या.

८/ ख्याल, ध्रुपद, धमार, तराणा, लक्षणगीत असे सारे प्रकार त्यांनी हाताळले. लक्षणगीत म्हणजे रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय त्याच रागात गाऊन सांगणारे गीत : व्याख्या आणि उदाहरण एकाच वेळी. कर्नाटक पद्धतीचा 'वर्णम्' हा प्रकारही त्यांनी हिंदुस्थानी रागांत आणला. त्यांच्या रचना 'अभिनव गीतमंजरी'त संगृहीत आहेत.

९/ मुद्रा पाहा. फैयाज खाँ 'प्रेमपिया' या नावाने रचना करत, भातखंडे 'चतुर' या नावाने. शिष्याने मुद्रा घेतली 'सुजन'. एका गुरूच्या नावात प्रेम, दुसऱ्याच्या नावात चातुर्य. शिष्याच्या नावात निव्वळ सज्जनपणा!

१०/ आता किमतीविषयी. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीच्या कलावंतांची चाचणी घेणाऱ्या मंडळाची धुरा रातंजनकरांकडे आली. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांची परीक्षा एका प्राचार्याने घ्यावी, हे अनेकांना अपमानास्पद वाटले. निषेध झाले, बहिष्कार पडला.

११/ दोन्ही बाजूंना अर्थ होता. सरकारी माध्यमाला काही निकष हवेच होते. पण कंठात मुरलेली विद्या प्रश्नोत्तरांत मावत नाही, हेही खरेच. दैवदुर्विलास असा की, हे दुसरे सत्य फैयाज खाँच्या या गंडाबंध शागिर्दाइतके कोणाला ठाऊक असणार? तरी रोष त्यांच्याच वाट्याला आला. मैफलीचा गायक म्हणून त्यांचे नाव तर प्राचार्यपदाच्या व्यापात आधीच मागे पडले होते.

१२/ आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर? के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, चित्रपट संगीतकार रोशन हे सारे त्यांचे विद्यार्थी. गिंडे तर बैलहोंगलहून लहानपणीच लखनौला आले आणि गुरुगृहीच वाढले. महाविद्यालयाच्या छायेत गुरुकुलही नांदत होते, ते असे.

१३/ १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१४/ महाविद्यालय गवई घडवते की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. रातंजनकरांचे आयुष्य इतकेच सांगते की, वर्ग पुरेसा नसतो, पण वर्गात शिकवणारा स्वतः गुरूसमोर बसलेला असेल, तर वर्गालाही सूर लागतो. पुढच्या वेळी एखाद्या बंदिशीच्या अंतऱ्यात 'सुजन' हे नाव कानी पडले, तर क्षणभर थांबा. ती बंदिश कदाचित एखाद्या वर्गासाठीच बांधलेली असेल.