संगणकाच्या स्मृतीची कुळकथा

एनिॲक हा सर्व प्रकारची गणिते करू शकणारा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक. जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी तो अमेरिकी लष्करासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधला. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगापुढे आला. सुमारे १८,००० निर्वात नलिकांच्या बळावर तो सेकंदाला ५,००० बेरजा करी. तोफगोळ्याच्या एका मार्गाचे जे गणित मेजावरच्या गणकयंत्रावर करायला माणसाला २० तास लागत, ते एनिॲक अर्ध्या मिनिटात उरकत असे.

एवढा वेग असूनही एनिॲकच्या ध्यानात दहा अंकी २० संख्याच राहत. एक संख्या धरून ठेवणाऱ्या आणि तिच्यात बेरीज करणाऱ्या प्रत्येक संचाला सुमारे ५५० नलिका लागत. स्मृती वाढवायची तर नलिका वाढणार, वीज वाढणार आणि बिघाडही वाढणार. आज्ञा ठेवायला तर जागाच नव्हती. छिद्रित कार्डांवरून एकेक आज्ञा वाचत बसले असते, तर यंत्राचा वेग वाया गेला असता. म्हणून तारा जोडून आणि बटणे फिरवून आज्ञांची मांडणी करावी लागे. नव्या गणितासाठी या जोडणीत अनेक दिवस जात.

आज्ञाही संख्यांच्या रूपात स्मृतीतच ठेवाव्यात, हा विचार जॉन फॉन नॉयमान यांच्या १९४५ च्या मसुद्यात सविस्तर मांडला गेला. त्यासाठी मोठी आणि स्वस्त स्मृती हवी होती. मँचेस्टरमध्ये फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी कॅथोड किरण नलिकेच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके उमटवून ती साधली. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या छोट्या यंत्राने स्मृतीतली आज्ञावली ५२ मिनिटे चालवून उत्तर काढले. ठिपके क्षणात विरत, म्हणून ते सतत पुन्हा उमटवावे लागत. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक संगणकाने १९४९ मध्ये पाऱ्याच्या नळ्या वापरल्या. त्यांत संख्या ध्वनिस्पंदांच्या रूपाने फिरत राही. पण हवी ती संख्या नळीच्या टोकाशी येईपर्यंत यंत्राला थांबावे लागे.

हे दोन्ही दोष फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांनी दूर केले. तारांच्या जाळीत मण्यांसारखे ओवलेले प्रत्येक कडे चुंबकत्वाच्या दिशेने एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, जपते, वीज गेली तरी ते टिकते आणि कुठल्याही कड्यापर्यंत थेट पोहोचता येते. जे फॉरेस्टर यांच्या गटाने अशी स्मृती १९५३ मध्ये एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात बसवली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने हेच तंत्र निवडले. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या त्यांच्या टिफ्रॅक संगणकात २,७०० निर्वात नलिका आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावणारी फेराइट स्मृती होती, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम १० किलोबाइट. आज्ञा शून्य आणि एक यांच्या यांत्रिक भाषेतच लिहाव्या लागत. तरीही गणित बदलताना जोडणी उलगडण्याची गरज उरली नव्हती. नवी आज्ञावली स्मृतीत भरली की तेच यंत्र दुसऱ्या कामाला लागे.