नापसंत चेहऱ्याचे मोल

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्यावाचून शहाणा माणूस पैसे मोजत नाही. चित्राच्या सौद्यात ही सोय नाही; वस्तू घडते ती बोली ठरल्यानंतर. त्यामुळे ‘पसंत नाही, मग पैसे कशाचे?’ हा तंटा छायाचित्रणाहूनही जुना असावा.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवणे, प्रतीवर हाताने रंग चढवणे ही पुढे स्टुडिओंची नित्याची कामे झाली. ‘नाक असे नव्हते’ असे घरच्यांनी म्हटले की कारागीर पुन्हा कुंचला उचलू शके. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९३५ साली ‘रॉबिन्सन विरुद्ध ग्रेव्हज’ या खटल्यात व्यक्तिचित्राचा करार मालविक्रीचा नव्हे, तर कौशल्याचा आणि श्रमाचा ठरवला. गिऱ्हाईक फिरले होते, जिंकला चित्रकार.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र दुरुस्त करवताना अनेक ठिकाणी दर प्रयत्नामागे क्रेडिट खर्ची पडते, चेहरा जमो वा न जमो. तक्रार म्हणजे पुढचा प्रयत्न, म्हणजे पुन्हा पैसे! श्रमाचे मोल द्यावे हे आम्हांस मान्य. पण इथे चुकीचाही आकार पडतो.

पैशाचे एक वेळ असो. पणजोबांच्या डागाळलेल्या एकुलत्या फोटोत जे उरलेले नाही, ते हे यंत्र इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने भरते. हाती येतो तो स्वच्छ, रेखीव, परका गृहस्थ. आणि ‘नाक असे नव्हते’ म्हणणारे कोणी घरात उरले नसेल, तर तोच भिंतीवर चढतो.