चौदा वर्षांच्या मुक्ताचा निबंध आणि आपला अर्ज

आसनगाव लोकलच्या दाराशी उभं राहून ऐकणारे, मुरबाडच्या एसटीत खिडकी मिळालेले, आणि रेंज आली की आधी भाग डाऊनलोड करून ठेवणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय आहे निबंध. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! 'माझा आवडता ऋतू' वाला निबंध नाहीये हा.

मी अधूनमधून शहापूर आणि मुरबाडच्या शाळांत आठवी-नववीच्या मुलांबरोबर लेखनाचे तास घेतो. तिथे एक प्रश्न मला सारखा पडतो. एखाद्या मागणीसाठी, एखाद्या अन्यायाविरुद्ध लिहायला मुलांना शिकवता येतं का? आणि शिकवलं, तर ते लिखाण मुलांचं असतं की मास्तरांचं? याचं उत्तर शोधायला आपण १८५५ च्या पुण्यात जाऊ.

'ज्ञानोदय' नावाचं एक नियतकालिक होतं. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू केलेलं. त्याच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत एक निबंध दोन भागांत छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता, म्हणजे मुक्ताबाई साळवे. मांग समाजातली, वय चौदा, आणि जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. वर्ष पुन्हा बघा, १८५५. भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा फक्त सात वर्षं झाली होती.

आता हा निबंध मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही, तो तुम्ही स्वतः शोधून वाचा. त्यात ती काय काय करते, तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट. ती सुरुवातीलाच वाचणाऱ्याला पेचात टाकते. वेद फक्त ब्राह्मणांचे, आम्ही ते बघायचेही नाहीत, असं तुम्ही म्हणता ना? मग आमचा धर्मग्रंथ कुठला? म्हणजे आम्ही धर्माशिवायच आहोत की काय? हा प्रश्न ती थेट देवालाच विचारते. समोरच्याचंच म्हणणं हातात घ्यायचं आणि ते शेवटपर्यंत नेऊन दाखवायचं. वकील हे करतात. चौदा वर्षांच्या मुलीने केलंय!

दुसरी गोष्ट, तुलना. बाजीरावाच्या राज्यात आमची किंमत गाढवाएवढी तरी होती का, असं ती विचारते. लंगड्या गाढवाला मारलं तर त्याचा मालक येऊन भांडेल. मांग-महाराला मारलं तर कोण भांडणार? या ओळींशी वर्गातली मुलं गप्प होतात, हे मी पाहिलंय. 'अन्याय' हा शब्द वीस वेळा लिहूनही जे होत नाही, ते एका लंगड्या गाढवाने होतं.

तिसरी गोष्ट, पुरावा. तो दोन प्रकारचा आहे. पेशवाई संपली १८१८ मध्ये, मुक्ताच्या जन्माच्याही आधी. म्हणजे त्या काळचे जुलूम तिने पाहिलेले नाहीत, ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असणार. पण रस्त्यात मुलांवर होणारी दगडफेक, डोक्यावर धड छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायका, हे तिच्या डोळ्यांसमोरचं होतं. बाळंतिणीविषयी लिहिताना ती वाचणाऱ्या घरांना सांगते की तुमच्या स्वतःच्या अनुभवावरून विचार करून बघा. मग विचारते, ती आजारी पडली तर वैद्याला द्यायला पैसे कुठून आणायचे? फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यात कोण आहे?

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेवटाकडे ती आपल्याच माणसांकडे वळते. तुम्ही आजारी आहात आणि औषध आहे ज्ञान, असं त्यांना सांगते. म्हणजे टीका फक्त दुसऱ्यावर नाही, आपल्यालाही काम आहे.

कुणी म्हणेल, तिने इंग्रज सरकारला चांगलं म्हटलंय आणि निबंध छापलाय मिशनऱ्यांच्या पत्रात. खरंय. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच तो वाचायचा. पण म्हणून तिचं म्हणणं उसनं ठरत नाही. जोतीराव माळी समाजातले. मांगवाड्यातल्या बाळंतिणीची थंडी त्यांना मुक्ताइतकी कशी माहीत असणार? मुद्दा तिच्या घरातून आला होता. शाळेने तिला अक्षर दिलं, वाक्य दिलं आणि 'लिही' म्हणणारी माणसं दिली. आणि ती माणसं स्वतःही लिहीत होती. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा, जोतीरावांचं 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चं. जिथे मास्तर लिहितात, तिथे मुलं लिहितात. अनुभवाने सांगतो.

आता सत्तावीस वर्षं पुढे. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ च्या तारखेचं निवेदन त्याला दिलं. इथे वाचणारा वेगळा, म्हणून लिहिण्याची रीतही वेगळी. आधी ते सांगतात की माझा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. आपण किती जाणतो, हे आधीच सांगून टाकलं की पुढचं वजनदार होतं. मग हिशोब मांडतात. सरकारचं उत्पन्न मुख्यतः कष्टकरी रयतेकडून येतं आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आणि मग नेमकी मागणी, की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. सही करताना व्यापारी, शेतकरी, नगरपालिकेचा सभासद अशी ओळख लिहितात. भारतात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मध्ये १२८ वर्षं गेली! लिहिलं की लगेच होतं, असं मी तुम्हाला अजिबात सांगणार नाही.

आता आपल्या भागात येऊ. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. भातसाही आपल्याच शहापूर तालुक्यात. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुरबाडमध्ये काळू नदीवर महानगरासाठी धरण घाटलं, तेव्हा बाधित गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झालं, हा मुद्दा घेऊन श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. धरणाचा विषय त्यानंतरही संपलेला नाही. तुमचं मत धरणाच्या बाजूचं असो की विरोधाचं, एवढं बघा की मोर्च्याइतकंच तिथे कागदाने काम केलं. ग्रामसभेचा ठराव हेही शेवटी पटवून देणारं लिखाणच की. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला जास्त वजन आहे. पण तो ठराव नीट लिहिणारं कुणीतरी गावात हवं ना?

आणि आपण शाळेत काय लिहितो? दहावीच्या मराठीत मागणीपत्र आणि विनंतीपत्र असतं. कुठल्यातरी रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाकडे रोपं मागायची. गुण मिळतात, रोपं कधीच येत नाहीत! पाण्यावर निबंध दिला की चाळीसपैकी तीस वह्यांत पहिलं वाक्य एकच, 'पाणी म्हणजे जीवन'. गाईडमधून आलेलं. त्यातली निम्मी मुलं सकाळी हंडा भरून शाळेत आलेली असतात आणि तो हंडा निबंधात कुठेच नसतो.

मी म्हणतो, तो हंडा आधी लिहा. पाड्यात किती घरं? विहीर कुठल्या महिन्यात आटते? दुसरं पाणी किती लांब, जाऊन यायला किती वेळ? हे मोजायला मुलांना पाठवलं की त्यांच्याकडे मुद्दा आपोआप येतो. मास्तरांनी द्यावा लागत नाही, आणि देऊही नये. आपल्या मताची वाक्यं मुलांच्या हाताने लिहून घेणं, हे गाईड पाठ करण्यासारखंच झालं. आपण शिकवायचं ते एवढंच: कुणाला लिहितोय, त्याच्या हातात नेमकं काय आहे, तो काय म्हणून टाळेल, आणि त्यावर आपलं उत्तर काय.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. अर्जाच्या दोन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर महिनाभराने 'असा अर्ज आलाच नाही' हे ऐकायची तयारी ठेवा.

तर या आठवड्यासाठी एक काम. आपल्या गावातली एकच अडचण निवडा. ती मोजा, आणि एका पानात लिहा. लिहून झालं की घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. ते म्हणाले 'हे असं नाही, असं आहे', तर खोडा आणि पुन्हा लिहा. पान तयार झालं की मला पाठवा, निवडक पानं आपण पुढच्या भागात वाचू. नाव सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, आणि पोच घ्यायला विसरू नका!