दृष्टिजन्य स्थानबोध व दिशाबोध

समोरची वस्तू कोठे आहे, किती लांब आहे आणि उभी, आडवी की कललेली आहे, हे डोळ्यांनी ओळखण्याची क्षमता. दृष्टिपटलावर उमटणारी प्रतिमा सपाट असते; अंतराचा हिशेब मेंदू मांडतो.

दोन डोळ्यांमध्ये सुमारे ६ सेंमी. अंतर असल्याने त्यांना किंचित वेगळी दृश्ये दिसतात. त्यांतून खोली जाणवते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवले. सुई ओवताना ही सोय कामी येते. मैलभर लांबच्या वस्तूसाठी तिचा उपयोग नाही. तेथे ओळखीचा आकार, मध्ये येणारी झाडे-घरे आणि हवेतील धुरळा यांवरून अदमास बांधावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या उघड्या माळावर मध्ये काही नसले की तो हमखास चुकतो. पावसाने हवा निवळली की लांबची टेकडी जवळ आल्यासारखी वाटते. नळदुर्गच्या उपली बुरुजावरून मुलूख दूरवर दिसतो, पण नुसते दिसण्याने तोफेचा पल्ला ठरत नाही. परांड्याहून १६३२ मध्ये विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान ही तोफ कितीही अजस्र असली, तरी नेम माणसाच्या नजरेनेच धरायचा होता.

दिशा धरतानाही नजरेला खूण लागते. तिफणीचे पहिले तास सरळ यावे म्हणून जुना शेतकरी पलीकडच्या बांधावरच्या बाभळीवर नजर ठेवी. बैलांच्या पायांकडे पाहिले की तास वाकडे गेलेच!

कल ओळखण्याचे काम मेंदूतील विशिष्ट पेशी करतात. ठरावीक कोनातल्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी ह्यूबेल व वीझेल यांना १९५९ मध्ये मांजरात आढळल्या. १९८१ चे नोबेल त्यांना मिळाले. उभ्या-आडव्या रेषा तिरप्यांपेक्षा अचूक कळतात. त्यात आंतरकर्णाकडून गुरुत्वाची खबर येते, तरीही डोळा भोवतालाला भुलतो. चौकट तिरपी केली की आतली काठी उभी करतानाही अनेक जण ती चौकटीच्या कलाकडे झुकवतात, असे ॲश व विटकिन यांच्या १९४८ च्या प्रयोगांत दिसले. गवंडी नजरेवर विसंबत नाही तो याचमुळे. ओळंब्याची लाकडी पट्टी भिंतीला टेकवून तो दोरी सोडतो. खालचा लंबक भिंतीला निसटता लागला तरच पुढचा थर चढतो.

मेंदूच्या पार्श्वखंडाला इजा झाल्यास पेला ओळखता येतो, पण उचलताना हात भलतीकडे जातो. हा दोष चष्म्याने जात नाही. अशा रुग्णाला मेंदुविकारतज्ज्ञाकडे न्यावे.