थंडीने अडलेली मोटार

दिवाळीची पहाट. बंबात अभ्यंगाचे पाणी तापत आहे, अंगणात मुलांनी पहिला फटाका उडवला आहे, आणि गल्लीच्या टोकाला कोणाची तरी जुनी मोटार खोकते आहे. एकदा खोकते, दोनदा खोकते, धुराचा लोट सोडते आणि गप्प बसते. हा माझ्या लहानपणचा देखावा. आज त्याच गल्लीत मोटारींना उभे राहायला जागा नाही, पण त्यांतली एकही खोकत नाही. तो खोकला आला कोठून आणि गेला कोठे, याची हकीकत या सणासुदीला सांगावी असे मनात आले. मी काही यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. परंतु ही विद्या मला एका भल्या माणसाने भर थंडीत, रस्त्याच्या कडेला शिकवली आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

आमचे औरंगाबाद, २०२३ पासून ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले ते शहर, परगावच्या लोकांना ठाऊक आहे ते उन्हाळ्यासाठी. येथल्या थंडीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या घरात येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. माणूस अशा वेळी शाल ओढतो, शेकोटीजवळ सरकतो. मोटारीने काय करावे?

थंडी मोटारीला तीन ठिकाणी गाठते. पहिले म्हणजे पेट्रोल. इंजिनात पेट्रोल पातळ असताना पेटत नाही, त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. थंडीत वाफ कमी होते. चुलीत ओले सरपण घातल्यावर आजीची जी दैना होई, तीच इंजिनाची होते. धूर फार आणि जाळ नाही. दुसरे म्हणजे वंगण. रात्रभर गारठलेले तेल काकवीसारखे घट्ट होते आणि इंजिन फिरायला जड जाते. तिसरी बॅटरी. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते. म्हणजे ज्या पहाटे इंजिन फिरवायला अधिक जोर हवा, नेमका त्याच पहाटे जोर देणारा अशक्त! संसारात असे योग येतात, तसेच यंत्रातही येतात.

हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. कार्ल बेंझने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. पुढे १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या जर्मन कारागिराने पेट्रोलचा बारीक फवारा हवेत सोडणारा कार्ब्युरेटर तयार केला. थंडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळावे म्हणून या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक झडप आली. तिचे नाव चोक, म्हणजे गळा आवळणे. चालकासमोरची कळ ओढली की हवेचा गळा आवळला जाई आणि इंजिनाला दाट खुराक मिळे. इंजिन तापले की कळ हळूहळू आत ढकलायची. ती किती ओढावी, कधी सोडावी, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा कानाला अधिक कळे.

इंजिन फिरवायचे काम मात्र बरीच वर्षे माणसाच्या दंडाकडेच होते. पुढे लोखंडी हँडल घालून ते फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला पहिला धडा देत तो असा की, अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम बसला. तरीही आपल्याकडच्या जुन्या मोटारींच्या आणि जीपगाड्यांच्या डिकीत ते हँडल कित्येक दशके पडून असे. बॅटरीने दगा दिला की शेवटचा आधार त्याचाच.

आता आपल्या देशाकडे येऊ. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. वालचंद १९५३ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी त्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० नमुन्याची मोटार बाहेर पडू लागली. तिचीच पुढची पिढी म्हणजे १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची ‘प्रीमियर पद्मिनी’. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला १९५७-५८ पासून ‘अँबॅसिडर’ होऊ लागली. तिचा मूळ नमुना इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डचा. मराठी घरांतल्या लग्नाच्या वराती, डॉक्टरांच्या रात्रीच्या फेऱ्या आणि पुढाऱ्यांचे दौरे या दोन गाड्यांनी कित्येक वर्षे वाहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या दोघींची माहेरे थंड मुलखातली. फियाटचे तुरीन शहर आल्प्सच्या पायथ्याशी, तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. अशा मुलखात इंजिन लवकर तापावे आणि तापलेलेच राहावे, म्हणून इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप बसवतात. तिच्या पोटात मेण असते. पाणी थंड आहे तोवर झडप मिटलेली राहते आणि पाणी इंजिनातच फिरते. ते साधारण ८० अंशांपर्यंत तापले की मेण फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जाते. घराचे दार थंडीत लावावे आणि उकाड्यात उघडावे, इतकी ही साधी युक्ती.

पण मराठवाड्याच्या वैशाखात, ४० अंशांच्या वर पारा गेला असता, रेडिएटरचे पाणी उकळू लागले की गॅरेजवाल्याचा राग या बिचाऱ्या झडपेवरच निघे. “आपल्या हवेत हिचे काय काम?” असे म्हणून तो ती काढून टाकी. बहुतेक वेळा खरा दोष असे रेडिएटरमध्ये साचलेल्या गाळाचा. झडप काढल्यावर उन्हाळा कसाबसा निभावे. मग हिवाळा येई आणि मोटारीला हुडहुडी भरे. सासरच्या माणसांनी माहेरचे पांघरूण फेकून दिले, त्यातला हा प्रकार!

हे मला कळले ते १९९३ च्या जानेवारीत, भोगीच्या पहाटे. मी तेव्हा शाळकरी पोर. संक्रांतीसाठी खुलताबादला मामांकडे गेलो होतो. मामीचे दिवस भरले होते आणि पहाटे चारला तिला कळा सुरू झाल्या. घाटी रुग्णालय पंचवीस-एक किलोमीटरवर. शेजारच्या काकांची एक जुनी मोटार होती, ती काढायचे ठरले. आजीने मामीला मागच्या बाकावर दोन गोधड्यांत बसवले. मामांनी चोक पुरता ओढला, पेट्रोलचे पायडल दहा वेळा दाबले आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. पेट्रोलचा वास सुटला, बॅटरी कण्हू लागली. मामांचे हात थरथरत होते, आणि ते थंडीने नव्हे.

आवाज ऐकून पलीकडच्या घरातले चाचा कंबल पांघरून बाहेर आले. एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेतून ते निवृत्त झाले होते. त्यांनी बॉनेट उघडून नुसता वास घेतला.

“मास्तर, गाडी डूब गई. अब पाँच मिनट इसको छेडो मत.”

“चाचा, पाच मिनिटे? मागे तिची अवस्था बघा हो!”

“म्हणूनच सांगतो. घाई कराल तर बॅटरी जाईल, मग सकाळपर्यंत बसा.”

ती पाच मिनिटे मला अजून आठवतात. मागे मामी दात आवळून बसलेली, आजी तिच्या पाठीवरून हात फिरवते आहे, आणि चाचा शांतपणे बॅटरीची टोके पुसताहेत. मग त्यांनी चोक आत ढकलला, पेट्रोलचे पायडल तळापर्यंत दाबून तसेच धरायला मामांना सांगितले, म्हणजे कोंदलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाईल, आणि स्वतः हँडल घातले. अंगठा बोटांच्या बाजूला. दुसऱ्या फेऱ्यात गाडी जागी झाली.

चाचाच चालवायला बसले. घाट उतरलो; दौलताबादचा किल्ला अंधारात उभा होता. सपाट रस्ता लागला तशी गाडी पुन्हा रडू लागली. पायडल दाबले तरी वेग नाही, मधूनच आचके. चाचांनी काट्याकडे पाहिले. इतके अंतर येऊनही पाण्याच्या उष्णतेचा काटा तळाशीच होता. त्यांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केले नाही.

“अहो, आता कशाला थांबलात?” मामी कळवळून म्हणाली.

“बेटी, दो मिनट. इसको ठंड लगी है.”

त्यांनी डिकीतले जुने पोते काढले, दुमडले, पंख्यात अडकणार नाही अशा बेताने रेडिएटरच्या अर्ध्या भागावर पुढून बांधले आणि निघाले. मिटमिटा मागे पडेतो काटा वर सरकू लागला. पडेगावला गाडीचा आवाज बदलला. छावणीतून ती अशी निघाली की जणू दुसरीच गाडी. घाटीत पोहोचल्यावर थोड्याच वेळात मला मामेबहीण झाली.

संक्रांत झाल्यावर चाचांनी ती मोटार अंगणात उघडली. थर्मोस्टॅट नव्हताच, आदल्या उन्हाळ्यात कोणीतरी काढला होता. मी शेजारी बसून पाने देत होतो. मोटार मंदावली तर काय, कोणत्या क्रमाने पाहावे, ते त्यांनी मला तेव्हा सांगितले. ज्यांच्या दारात अजून जुनी मोटार आहे, त्यांच्यासाठी ते येथे देतो.

आधी पैसे न लागणारे पाहावे. चाकांत हवा आहे ना? थंडीत तिचा दाब उतरतो. सपाट जागी गिअर सोडून गाडी हाताने ढकलली तर सहज सरकते का? नसेल, तर ब्रेक चिकटला आहे, इंजिनाला दोष देऊ नये. मग बॅटरी. स्टार्टर मारताना दिवे अगदीच मंदावले तर टोकांवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवावा, घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावावे. मग प्लग. त्याचे तोंड फिकट तपकिरी असले की प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, म्हणजे चोकची तार अडकली आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. ओला असेल तर गाडी बुडाली आहे किंवा ठिणगीच पडत नाही. ठिणगी देणाऱ्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी हवी. मग पेट्रोल. त्यात रॉकेलची भेसळ असेल तर उन्हाळ्यात एक वेळ खपते, थंडीत नाही, कारण रॉकेलची वाफ सहजी होत नाही. मग वंगण फार दाट तर नाही ना, हे पाहावे. आणि पंधरा मिनिटे चालवूनही काटा तळाशीच असेल, तर थर्मोस्टॅट. पोते हा वाटेतला उपाय. घरी आल्यावर ते सोडावे, नाहीतर दुपारी पाणी उकळेल. तापल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, आणि बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. तो धूर जीव घेतो.

“मशीन झूठ नहीं बोलती,” चाचा म्हणत. “आपण विचारायच्या आधीच उत्तर देतो, तिथे चुकते.” शाळेत एखादे पोर मंद आहे असे कोणी म्हणाले की मला हे वाक्य आठवते. त्याच्या अंगावरचे पांघरूण कोणी काढून तर घेतले नाही ना, हे आधी पाहावे.

पुढे २००० सालापासून देशात धुराचे नियम कडक होत गेले, तसा कार्ब्युरेटर नव्या मोटारींतून गेला आणि त्याच्याबरोबर चोकही. आता पाणी किती थंड आहे हे एक लहानसे यंत्र मोजते आणि त्याप्रमाणे पेट्रोल आपोआप कमीजास्त होते. पद्मिनीचे उत्पादन त्याच सुमारास संपले. अँबॅसिडरचे २०१४ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. याचे दुःख करावे असे मी म्हणणार नाही. भोगीच्या त्या पहाटे दारात आजची मोटार असती तर मामीचा तो जीवघेणा वेळ वाचला असता.

चाचा आता नाहीत. मामेबहीण स्वतः मोटार चालवते. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आली तेव्हा माझ्या टेबलावर जुन्या मोटारीची एक गोल कळ पाहून तिने विचारले, “दादा, हे काय?”

मी म्हणालो, “हा चोक. बस, सांगतो.” आणि चहा निवेपर्यंत आम्ही दोघे त्या पाच मिनिटांविषयी बोलत बसलो.