बंदिस्त तरणतलावातला ‘क्लोरीनचा वास’ नेमका कशाचा असतो?

बंदिस्त तरणतलावात शिरताच नाकाला झोंबणारा वास आला, की पाणी स्वच्छ असल्याचा अनेकांचा समज होतो. वस्तुस्थिती जवळपास उलट आहे.

पाण्यातल्या क्लोरीनची पोहणाऱ्यांच्या घामातील आणि लघवीतील युरियाशी रासायनिक क्रिया होऊन क्लोरामाइन्स तयार होतात. त्यांपैकी ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसे टिकत नाही; ते वायुरूपात हवेत मिसळते. कारंजी आणि घसरगुंड्यांमुळे पाणी उसळले की त्याचे प्रमाण आणखी वाढते.

पोहणारे तासाभरात घरी जातात. जीवरक्षक आणि प्रशिक्षक मात्र रोज कित्येक तास त्याच हवेत श्वास घेतात. फ्रान्समधील ३३४ जीवरक्षकांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हवेतील या वायूचे प्रमाण जास्त तिथे डोळे, नाक आणि घशाच्या तक्रारीही जास्त आढळल्या. २००२ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी तीन तलाव-कर्मचाऱ्यांच्या दम्याचा संबंध तिथल्या हवेशी जोडला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये यासाठी दर घनमीटर हवेत ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली.

हवा गरम ठेवण्याचा खर्च वाचवण्यासाठी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवली, तर वायू साचत जातो. म्हणून बाहेरची ताजी हवा आत घेणे गरजेचे असते. पोहण्याआधी साबणाने अंघोळ करणे आणि पाण्यात लघवी न करणे, हा पोहणाऱ्यांच्या हातातला उपाय.

खोकला किंवा धाप सुट्टीत कमी होऊन कामावर परतताच वाढत असेल, तर कर्मचाऱ्याने डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप जरूर सांगावे.